अंगठा की करंगळी

तात्याच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती, अंगठा आणि करंगळी. मधली तीन पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसनं खाल्ली होती. तात्या म्हणजे माझा सख्खा चुलता. मी आठवीत दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा बापानं मला एसटीत बसवून त्याच्याकडं चिंचवडला पाठवून दिलं, आणि तात्यानं मला त्याच प्रेसवर हेल्पर म्हणून चिकटवलं. पहिल्या दिवशी मशीनपुढं उभं करून त्यानं तो हात माझ्या नाकासमोर धरला. म्हणाला, "हे बघून ठेव. माणसाला झोप आली तर चालतंय, हाताला आली न्हाई पायजे." एवढंच माझं शिक्षण. मी साडेसतरा वर्षांचा होतो आणि माझी दहाही बोटं अजून शाबूत आहेत, हे तात्याचं देणं. बाकी त्यानं शिकवलेलं सगळं मी वाईटाला लावलं.

स्टेशनच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या तीन खोल्या होत्या. एकीत तात्या आणि काकू, एकीत खाटा टाकून राहणारे कामगार, आणि मधली खाणावळीची. खाटा आठ, माणसं बावीस. फर्स्ट शिफ्टचा उठला की थर्ड शिफ्टचा त्याच उबेत येऊन आडवा व्हायचा. उशीला तिघांच्या तेलाचा वास. काकूचा स्टोव्ह पहाटेपासून फरफरत असायचा, परातीत भाकरीची थाप पडायची, आणि लोणावळ्याकडची गाडी गेली की मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून किणकिणायची. रविवारी मटण. काकूच्या पळीला डोळे होते. टर्नर, फिटर बसले की पळी भांड्याच्या तळाला जायची आणि नळी, काळीज घेऊन वर यायची. हेल्परपुढं ती वरच्या वर फिरायची, लाल तवंग आणि एखादं मानेचं हाड. मी एकदा म्हणालो, "काकू, मी पुतण्या हाय तुमचा." ती म्हणाली, "पुतण्या गावाकडं. हितं हेल्पर. हेल्परला नळी कशाला, चोखायला वेळ कुठं हाय तुला?" बावीस माणसं हसली. मीही हसलो. तिथं हसायला शिकलं नाही तर माणूस टिकत नव्हता.

विलास आमच्याच कंपनीत मशीन शॉपला टर्नर होता. आयटीआय झालेला, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, उंच, हाडकुळा, बोलायला पेपरात छापल्यासारखा. आईबाप गेलेले, म्हणून धाकट्या बहिणीला घेऊन शेजारच्या खोलीत राहायचा. ती शकू. ती काकूला भाकऱ्या थापू लागायची आणि दोघं बहीणभाऊ खाणावळीतच जेवायचे. हीच शकू पुढं माझी बायको झाली. तिला जाऊन आता दोन महिने होतील. मी हे लिहायला बसलो ते तिच्यामुळं. ती होती तोवर यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही.

विलास रविवारी सकाळी सायकल मारत दिघीला जायचा. तिथं फौजेतून निवृत्त झालेला एक हवालदार घरामागं पोत्यात वाळू भरून चारदोन पोरांना बॉक्सिंग शिकवायचा. त्याच्याकडं हेवीवेट चॅम्पियन लोकांच्या लढतींच्या कॅसेट होत्या. विलास त्या मागून आणायचा आणि आम्ही रविवारी दुपारी भाड्याचा व्हिडिओ लावून बघायचो. असा नाद लागला की काकूनं देवाच्या फोटोशेजारी दोन चॅम्पियनचे मासिकातले फोटो चिकटवू दिले. त्यांची नावं आमच्या जिभेला वळत नव्हती. एक उंच, लांब हाताचा, दुरून टोचून टोचून समोरच्याला दमवणारा. त्याला आम्ही खांब म्हणायचो. दुसरा बुटका, मान नसलेला, घंटा झाली की अंगावर जाणारा. तो रेडा. दोघं पाठोपाठच्या काळातले, दोघांनीही जगाचा पट्टा वर्षानुवर्षं कमरेला बांधलेला, पण एकमेकांपुढं कधी उभे राहिले नाहीत. म्हणून मोठा कोण, हा वाद कधी मिटायचाच नाही.

मशीन शॉपवाले सगळे खांबाच्या बाजूचे, प्रेस शॉपवाले रेड्याच्या. मटणाचं जेवण झालं की ताटं तशीच पुढं ठेवून वाद सुरू व्हायचा आणि निकाल तात्या द्यायचा. बोलून नाही. उजवा हात वर करायचा. अंगठा ताठ म्हणजे रेडा, करंगळी ताठ म्हणजे खांब. हरलेल्या बाजूचा जो बोललेला असेल त्यानं सगळ्यांची ताटं घासायची, आणि त्याच्या चॅम्पियनचा फोटो पुढचा आठवडाभर संडासात लावायचा. हा कायदा होता. तात्या प्रेसचाच माणूस, पण बोटं गेलेला माणूस प्रेसवाल्यांची बाजू कशाला घेईल? वर आणि विलासचं बोलणं. त्यामुळं करंगळीच जास्त वेळा वर व्हायची. पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत रेडा संडासात होता आणि ताटं मी घासत होतो.

विलास म्हणायचा, "खांबाचा डावा हात बघा. लेथचं टूल फिरत्या लोखंडाला भिडतं तसा. एका मापात, पुन्हा पुन्हा. समोरचा माणूस सोलत जातो."

"सोलायला बटाटा हाय का?" मी म्हणायचो. "रेड्याचा एक ठोका, की पत्रा आरपार."

"ठोका बसला तर. आणि कुणाला बसला? त्याच्यापुढं आलेली माणसं बघ जरा. एक म्हातारा, एक दारुडा, बाकीची घंटेआधीच घाबरून हरलेली."

"घाबरवलं कुणी? रेड्यानंच की!"

"आणि एक घाबरला नाही, त्यानं रेड्याला आडवा केला. उठला का तो? खांब दोनदा पडला, दोन्ही वेळा उठून जिंकला. माणूस किती मोठा ते त्यानं किती पाडले यावर नसतं रंगा. पडल्यावर काय करतो यावर असतं."

मशीन शॉपवाले ताटावर भांडं वाजवायचे. माझ्याही डोक्यात खूप असायचं, पण तोंडाशी आलं की शिवी होऊन बाहेर पडायचं. आज वाटतं, विलासचं म्हणणं तेव्हाही बरोबर होतं. पण बरोबर असलेल्या माणसाचा राग जेवढा येतो तेवढा चुकलेल्याचा येत नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी चिडून म्हणालो, "तू आपल्या मनानं सांगतोस सगळं. कुठं लिहिलंय खांब मोठा म्हणून?" विलास शांतपणे उठला, खोलीतून इंग्रजी मासिक घेऊन आला आणि माझ्या मांडीवर उघडं ठेवलं. रेड्याचा पानभर फोटो होता. "हे तुझ्या रेड्याबद्दलच आहे," तो म्हणाला. "पहिली ओळ वाच. नुसती वाच, अर्थ पण सांगू नकोस. मी हार मानतो आणि आजची ताटं मी घासतो." मला अक्षरं सुटी सुटी ओळखू येत होती, पण ती एकमेकांना धरून काय म्हणतात ते कळत नव्हतं. मी पानाकडं बघत बसलो. कुणीतरी म्हणालं, "अरे, त्याला फोटो वाचू द्या, राव." आणि स्टोव्हजवळ शकू हसली. हाताला पीठ होतं म्हणून तिनं मनगटानं तोंड झाकलं, पण हसली ते मला दिसलं. मला ती आवडत होती, हे तोपर्यंत मलाही नीट ठाऊक नव्हतं. त्या हसण्यानं ठाऊक झालं.

मी मासिक फेकून दिलं. "तोंडानं कुणीबी ठरवील. हातानं ठरवू. तू खांब, मी रेडा. पुढच्या रविवारी." विलास हसून म्हणाला, "मी शिकतोय, रंगा. तुला लागेल." तात्याला मात्र ते फार आवडलं. त्यानं दोन बोटांनी मिशी पिळली आणि म्हणाला, "ठरलं. तीन फेऱ्या."

लढतीचे हातमोजे बनवायचं काम माझ्याकडं आलं, कारण हेल्परकडं सगळीच बारकी कामं यायची. कंपनीचे सुती हातमोजे, ते एकात एक घालून दुहेरी करायचे, बोटं आत दुमडायची आणि मुठीच्या जागी वेस्ट भरायचं. वेस्ट म्हणजे मशीन, हात पुसायला कंपनीत सुताच्या गुंत्याचे गोळे मिळतात ते. नवं वेस्ट कोरडं आणि कापसासारखं हलकं असतं. वापरलेलं तेल पिऊन काळं, जड होतं, आणि त्यात लोखंडाचा बर अडकलेला असतो. बर म्हणजे लेथवर सोलून निघालेल्या बारीक धारदार सळ्या. वापरलेलं वेस्ट तोंडाजवळ न्यायचं नाही, हे कंपनीत आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कळतं. मलाही कळलेलं होतं. स्टोअरवाल्यानं नवं वेस्ट दिलं ते दीड जोडीला पुरलं. म्हणजे एक मोजा राहिला. तो मी विलासच्याच लेथखालच्या डब्यातल्या वापरलेल्या वेस्टनं भरला. पुरलं नाही म्हणून भरला, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खरं असं की तो भरून हातात घेतला तेव्हा त्याचं वजन मला आवडलं.

मनगटाशी टाके घालायला मोजे शकूकडं दिले. ती उंबऱ्यात बसून शिवत होती आणि मी खाट ओढत होतो. तो मोजा हातात आल्यावर ती थबकली. "रंगनाथ, यात काय टोचतंय?" तिच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला रक्ताचा थेंब आला होता. ती मला पूर्ण नावानं हाक मारायची, बाकी सगळ्यांचा मी रंगा. मी म्हणालो, "सुई लागली असेल." ती म्हणाली, "या मोज्याला सुई अजून लावलीच नाही मी." मी म्हणालो, "शिव गं. येळ होतोय." तिनं बोट तोंडात घातलं, माझ्याकडं जरा बघितलं आणि टाका घातला. तिथं मी मोजा मागून घेतला असता, उसवला असता, फडकं भरलं असतं, तर पाच मिनिटांचं काम होतं. मी आत जाऊन लंगोट कसला.

चार खाटा आडव्या उभ्या करून अंगणात रिंगण केलं होतं. थर्ड शिफ्टच्या एकाला झोपेतून उठवून त्याची खाट घेतली, तो शिव्या देत भिंतीला टेकला आणि दोन मिनिटांत तोच सगळ्यात मोठ्यानं ओरडायला लागला. रस्स्याचा, घामाचा, राकेलचा वास. तात्या डाव्या हातातल्या घड्याळात बघत वेळ धरून उभा. पहिल्या दोन फेऱ्या विलासनं मला खेळवलं. त्याचा डावा हात कधी निघायचा ते दिसायचंच नाही, फक्त नाकावर बसलेला कळायचा. माझ्या ओठावर रक्त आलं. मशीन शॉपवाले मोजायचे, "एक! दोन! सोल त्याला!" विलास मला जोरात मारत नव्हता, हे मला कळत होतं. पोराला खेळवावं तसा तो हसत, नाचत होता. त्यानं मला खरं मारलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या फेरीत मी मान खाली घातली आणि धावून गेलो. दोन बसले, तीन बसले, मी थांबलो नाही. त्याला खाटेवर रेटला आणि उजवा हात, तो जड मोजा, खालून वर तोंडावर घासत नेला. विलास एकदम थांबला. त्यानं हात वर केला. "थांब, थांब. डोळ्यात काहीतरी गेलं."

"घाम गेला खांबाला!" कुणीतरी ओरडलं.

"नाही, थांब रंगा, खरंच—"

त्याचा एक हात डोळ्यावर होता. म्हणजे ती बाजू उघडी होती. मी त्या बाजूनं आणखी दोन मारले. तो गुडघ्यावर बसला. प्रेस शॉपवाल्यांनी मला उचललं, आणि तात्यानं उजवा हात वर केला. अंगठा ताठ.

कायदा म्हणजे कायदा. विलासला नळावर बसवला. बावीस ताटं. काकू म्हणाली, "जाऊ द्या की, डोळा लाल झालाय त्याचा." पण काकूचंही कुणी ऐकलं नाही, मी तर नाहीच. तो एक डोळा मिटून, त्यातून पाणी गळत, राखेनं ताटं घासत होता आणि मी समोर दगडावर पाय पसरून बसलो होतो. इतक्या रविवारांचा हिशोब होता माझ्या मनात. त्यानं एक ताट पालथं घातलं. मी ते उचललं, उन्हात फिरवून बघितलं आणि त्याच्यापुढं टाकलं. "कड राहिली. पुन्हा घास." सगळे हसले. त्यानं पुन्हा घासलं. मी तीन ताटं तशी परत टाकली. एकाचीही कड राहिलेली नव्हती.

दिवेलागणीला मी मोजे घेऊन संडासामागं गेलो. उजवा उसवला. काळ्या गुंत्यात बर चमकत होता, आणि एक सळी विणीतून नखाएवढी बाहेर आली होती. टोक मोडलेलं आणि ओलं होतं. मला एवढं कळलं की आत्ता जाऊन सांगितलं तर विलासला आजच दवाखान्यात नेतील. आणि हेही कळलं की सांगितलं तर अंगठा खाली येईल. संडासाच्या भिंतीवर त्या दिवशी खांबाचा फोटो लागला होता. मी परत आलो आणि मोजे पाणी तापवायच्या बंबाच्या जाळात घातले. सूत जळून गेलं. लोखंड जळत नाही, एवढी अक्कल मला त्या क्षणी नव्हती. त्याच बंबाची राख सकाळी भांड्यांना घ्यायचे.

विलास सोमवारी कामावर गेला. मंगळवारीही गेला. डोळा टोमॅटोसारखा झाला होता आणि पोरं म्हणायची, "अजून रडतोय का रे?" बुधवारी तो लेथवरच खाली बसला. कामगारांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं काळ्या बुबुळात रुतलेलं सळीचं टोक काढलं आणि म्हणाला, लगेच आणलं असतं तर वाचवता आला असता. आता पू झालाय. डोळा गेला. कंपनीनं लिहून घेतलं, लेथवर चष्मा न घालता काम करताना बर उडाला. लोखंड तर त्याच्याच लेथचं होतं. विलासनं खाली सही केली. मी खाटेशी उभा होतो. मला वाटलं, बिचाऱ्याला खरंच तसं वाटतंय.

मी रोज डबा घेऊन जायचो. बाकी कुणी दोनदा आलं, कुणी एकदा. टर्नर म्हणून त्याचं संपलं. एका डोळ्यानं माप धरता येत नाही. त्याला गेटवर वॉचमन केलं. खाणावळीत त्याच्या पुढ्यातली पळी आता वरच्या वर फिरायला लागली. त्याला काण्या म्हणायचे. आणि तो पहिल्यांदा जेवायला परत आला तेव्हा, "खांबाचा एक दिवा गेला," हे वाक्य ज्यानं टाकलं तो मीच. दवाखान्यात डबा नेणारा मी आणि हे बोलणारा मी, दोन्ही एकच. माणसं आत रडत होतो असं लिहितात. मी रडत नव्हतो. सगळे हसले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.

वर्षानं विलासनंच मला विचारलं, शकूशी लग्न करतोस का. म्हणाला, "माझ्या पाठीशी तूच उभा राहिलास." नाही म्हणायला तोंड नव्हतं, आणि मला ती हवीही होती. लग्न झालं. एकही वस्तू मागितली नाही, त्याचं लोकांना कौतुक वाटलं.

शकूनं माझा संसार नीट केला. दोन पोरं वाढवली, मी प्रेसवर असताना शिवण शिवलं, नितीनला इंजिनियर केलं. त्याच्या महाळुंग्याच्या फ्लॅटवर आम्ही सहा वर्षांपूर्वी आलो. खालून रात्रंदिवस कंटेनर जातात, ती म्हणायची, "प्रेस बरा होता, निदान ठोका मोजता यायचा." तिची एक सवय होती. आमचं वाजलं, माझा आवाज चढला, की ती बोलायची बंद व्हायची आणि अंगठ्यानं उजव्या तर्जनीचं टोक चोळत बसायची. हळूहळू, माझ्याकडं बघत. लग्नाच्या आठव्या वर्षी एकदा मी पिऊन आलो आणि हात उगारला. ती मागं सरली नाही. नुसतं बोट चोळलं. माझा हात आपोआप खाली आला. शिवणकाम करणाऱ्या बाईची सवय, असं मी धरून चाललो. शेवटी दवाखान्यात बोलणं बंद झालं, माणसं ओळखेना, तेव्हाही तो अंगठा त्या बोटावर फिरत होता.

तेराव्याला विलास आला. आधीच हाडकुळा माणूस, आता काठीसारखा झालाय. जेवणं झाली, बायका आत होत्या, आणि पुरुषांना करायला काही नव्हतं. नितीनचे दोन मित्र मोबाईलवर बॉक्सिंग बघत हळू आवाजात भांडत होते, आत्ताचा हेवीवेट भारी की मागचा. एक म्हणाला, "भावा, त्यानं कुणाला हरवलंय सांग ना. सगळे म्हातारे." सुतक फिटलं न फिटलं, आणि तोच वाद, तीच वाक्यं. नितीन म्हणाला, "मामा, तुमच्या वेळचा सगळ्यात मोठा कोण?"

विलास म्हणाला, "माझा खांब. पण मला काय विचारतोस, बापाला विचार. हा रेडा होता."

पोरं हसली. मी उठून मागच्या गॅलरीत गेलो, जिथं भांडी घासायचा नळ आहे. थोड्या वेळानं विलास ताट घेऊन तिथंच आला. बाकीच्यांना कागदी पत्रावळी होत्या, त्याला वडीलधारा म्हणून सूनबाईनं स्टीलचं ताट दिलं होतं. तो मोरीच्या कट्ट्यावर टेकला आणि राहिलेलं भजं खात बसला. शकू नव्हती. आता कुणाला जपायचं होतं?

"विलास," मी म्हणालो, "ते लेथवर झालं नव्हतं. त्या दिवशी माझ्या उजव्या मोज्यात वापरलेलं वेस्ट होतं—"

"माझ्याच लेथखालचं," तो म्हणाला.

कंटेनर गेला. गॅलरीची जाळी थरथरली.

"तुला कधी कळलं?"

"दवाखान्यात असतानाच. शकूचं बोट आधी टोचलेलंच होतं. मग भांडी घासताना राखेत तुकडे मिळाले, ताटावर ओरखडे उठले. पुडीत बांधून घेऊन आली माझ्याकडं. म्हणाली, दादा, मी कंपनीत जाऊन सांगते. मी म्हणालो, सांगशील तर मी रस्त्यावर येईन. घरी मस्ती करताना गेलेल्या डोळ्याला कंपनी गेटवर तरी उभी करेल का? पुडी ठेव म्हणालो. कामाला येईल."

"कशाच्या कामाला?"

"आली की." त्यानं बोटं चाटली. "काण्या वॉचमनच्या बहिणीला कोण करून घेत होतं, रंगा? दोन ठिकाणं बघून गेली, परत निरोप नाही. तू रोज डबा घेऊन यायचास, मान खाली घालून. मी तिला म्हणालो, ह्याच्याशी कर. हा काही मागणार नाही. उद्या प्याला तरी हात उगारणार नाही, उगारलाच तर पुडी पुढं ठेव. जन्मभर भिऊन राहील."

"ती काय म्हणाली?"

"रडली. मला म्हणाली, तुझा डोळा फोडणाऱ्याच्या घरी जाऊ? मी म्हणालो, दुसरं घर दाखव. मग केलं तिनं."

एवढी वर्षं मी समजत होतो की मी तिच्यापासून काहीतरी लपवून ठेवलंय. ती संसार करत होती की पहारा देत होती, ते विचारायला आता माणूस नाही. हसली होती का कधी मनापासून? हसली असेल. मला आठवणारं एकच हसू स्टोव्हजवळचं आहे, पिठाच्या हातांचं, मला वाचता येत नाही म्हणून आलेलं.

"मला नंतर तरी म्हणाली असती काही," मी म्हणालो.

"तू म्हणायची वाट बघत होती. शेवटच्या दिवाळीला मला म्हणाली, दादा, अजून नाही बोलला."

विलास उठला. चांगला डोळा माझ्यावर ठेवून त्यानं ताट माझ्यापुढं धरलं. "तात्यानं त्या दिवशी चुकीचं बोट वर केलं होतं," तो म्हणाला. "खाली बस. घास."

मी खाली बसलो. गुडघे वाजले. आतून नितीननं आवाज दिला, "बाबा, ठेवा ते, मावशी येतात उद्या." घासणीनं मधलं घासलं, पाठ घासली, कड दोनदा फिरवून घासली, धुतलं आणि वर दिलं. विलासनं ते एका डोळ्याजवळ नेलं, उजेडाला तिरकं धरलं, कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग माझ्यापुढं मोरीत टाकलं.

"कड राहिली."

मी ताट पुन्हा नळाखाली धरलं.